अडुसष्ट किलो

लिफ्टच्या हिशेबात एक माणूस म्हणजे अडुसष्ट किलो.
आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस.
एकोणीस वर्षं ही पाटी मीच ठोकत आलोय
लालबागपासून ठाण्यापर्यंत,
आणि कधी मनात आलं नाही
की कोण हा अडुसष्ट किलोचा,
त्याच्या घरी कोणी आजारी होतं का.

सोयरा सतरा किलोची.
आली तेव्हा बावीस होती.
परळच्या या सहाव्या मजल्यावर
दर सोमवारी तिला काट्यावर उभी करतात.
सलाइनचा स्टँड मी धरतो, काट्याला लागणार नाही असा.
तिला पाटीचं सांगितलं,
तर मास्कच्या आत पुटपुटली काहीतरी,
मग म्हणाली, "सतरा चोक अडुसष्ट.
म्हणजे बाबा, मी पाव माणूस."
पाडवी ब्रदर हसला. मीही हसलो.
मग बाथरूममध्ये बादलीखाली नळ सोडून उभा राहिलो,
ती भरून वाहायला लागली तरी.

रात्री मी, दिवसा उज्ज्वला.
एका पासावर एकच जण.
त्यामुळे आमचा संसार सध्या लिफ्टसमोरच्या बाकावर,
सकाळी सव्वासात ते साडेसात.
"ताप नाही. जुलाब दोन. इडली अर्धी.
रिपोर्ट अकराला येईल.
बी पॉझिटिव्ह माणूस हवाय, तुझ्या भावाला विचार."
ती डबा देते, मी फाइल देतो.
परवा तिच्या कानांत काही नव्हतं.
मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.
लिफ्ट आली.

खिडकीतून एक टॉवर दिसतो,
त्यातल्या चार लिफ्ट मी बसवल्यात.
"वरपर्यंत किती वेळ लागतो?"
"एकेचाळीस मजले. पस्तीस सेकंद."
"आणि इथून घरी?"
"विक्रोळी ना? रात्री पाऊण तास."
"ते नाही विचारलं," म्हणाली,
आणि भिंतीकडे वळली, नळी सांभाळत.
वळायचं कसं ते आता तिला शिकवावं लागत नाही.

स्ट्रेचरची लिफ्ट रात्रीही चालू असते.
तिसऱ्या आणि दुसऱ्याच्या मध्ये घासते.
गाइड शू झिजलाय, मी लिहून दिलं दोनदा,
पण कंपनी दुसरी, माझं कोण ऐकणार.
गेल्या मंगळवारी तीनच्या सुमाराला
ती आमच्या मजल्यावर थांबली.
दार बराच वेळ उघडं राहिलं.
मग खाली गेली आणि मी डोळे मिटून
त्या घासण्याची वाट बघत बसलो.
सकाळी अकरा नंबरची गादी
भिंतीला टेकून उभी होती, पंख्याखाली वाळत.
फैजानची मोटार आमच्याच कपाटात,
एक चाक नसलेली.
"मालेगावला गेला?"
"हो."
"मग ही विसरला कशी?"
मी तिचं पांघरूण नीट केलं. ते नीटच होतं.

काल सोमवार. सतरा चारशे.
बाकावर सांगितलं तर उज्ज्वला आधी म्हणाली,
"सूज तर नाही ना?"
डॉक्टरही म्हणाल्या होत्या, पाणी असू शकतं.
असू दे.
पाणी तर पाणी. आमचंच आहे.

दुपारी सोनोग्राफी, तळमजल्यावर.
कामावर खाडा टाकून मीच थांबलो.
व्हीलचेअर आत घेतली, दार बंद झालं,
आणि सुई नसलेल्या हाताने
तिने सगळी बटणं दाबली, एकामागून एक.
याच्यासाठी मी किती सोसायट्यांत किती पोरांना झापलंय.
वॉर्डबॉय माझ्याकडे बघत राहिला.
मी आकड्यांकडे.
पाचवा. दार उघडलं, कोणी नाही, बंद झालं.
चौथा. कोणी नाही.
तिसऱ्यावर एक बाई, हातात थर्मास,
पाय अर्धा पुढे घालून अडखळली, "वर?"
"खाली," सोयराने सांगितलं,
लिफ्ट स्वतःच्या मालकीची असल्यासारखं,
"पण आम्ही सगळीकडे थांबतोय."